नऊ, सव्वानऊ, साडेनऊ

१

त्या सोमवारी सकाळी फ्रीजमधला बर्फ पुन्हा गायब होता.

बारा घरांचा ट्रे लेकीने आदल्या संध्याकाळी स्वतः भरला होता. आता त्यातली सात घरं रिकामी होती. एरवी कुणी लक्षही दिलं नसतं. पण या घरातला म्हातारा माणूस आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जात होता. मूत्रपिंडांनी काम सोडल्यामुळे प्यायलेलं पाणी त्याच्या अंगातच राहायचं आणि मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी मशीन ते ओढून काढायचं. म्हणून दिवसभराचं पाणी एका काचेच्या बाटलीत मोजलेलं असे. बाटलीवर चिकटपट्टीची रेघ होती आणि रेघेच्या वर एक थेंबही नाही. तोंड कोरडं पडलं तर बर्फाचे दोन खडे, तेही लेकीला सांगून.

मास्तर आरशासमोर दाढी करत होते. गावभर ते मास्तर, कारण चाळीस वर्षं त्यांनी कोट आणि पाटलोणी शिवल्या. लेक दारात उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती. पाच आठवड्यांपूर्वी ते न्यूमोनियातून उठले आणि ती सुट्टी टाकून आली, तेव्हा गालाच्या खड्ड्यातले केस निघावेत म्हणून ते आतून जिभेने गाल फुगवायचे. आज वस्तरा सरळ फिरत होता. साबणाच्या डबीत लाल दोऱ्याचं एक वेटोळं पडलं होतं. अंगठी बोटातून निसटू नये म्हणून ते तिला दोरा गुंडाळायचे, तोच हा. पलंगाखालून त्यांच्या जुन्या, जड इस्त्रीचं नाक बाहेर डोकावत होतं. ती इतकी वर्षं कपाटावर धूळ खात होती. लेकीने हे सगळं पाहिलं. तिचा धंदाच पाहण्याचा होता. ती एका प्रकाशनात प्रुफं तपासायची. पण त्या सकाळी तिच्या डोक्यात फक्त बर्फ होता.

गेले काही आठवडे मास्तरांचं वजन चढत चाललं होतं. डायलिसिस सेंटरवरचे डॉक्टर म्हणाले होते, हे चोरून पाणी पितात. आत्याही तेच म्हणे. दादा फोनवर तेच म्हणे.

"बाबा, सात खडे कमी आहेत."

"मी दोन घेतले. तुला सांगून."

"बाबा, खोटं बोलू नका."

मास्तरांनी वस्तरा पुसला. रागावले नाहीत. आयुष्यभर गिऱ्हाइकाला जे सांगत आले, तेच म्हणाले, "मोजून बघ." आणि कपाटाचं दार उघडलं. शर्ट काढत असतील असं समजून ती पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सेंटरवर ती आत न जाता बाहेरच्या निळ्या खुर्चीत पुस्तक उघडून बसली. घुश्शात होती. डायलिसिसच्या तिसऱ्या तासाला मास्तरांचा रक्तदाब एकदम कोसळला. सिस्टरने सावरलं, ते दोन वाक्यं बोललेही. पण तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांचं हृदय थांबलं, ते कायमचं.

२

दहाव्या दिवशी दादा एक पत्र टाइप करून घेऊन आला.

पत्र रुग्णालयाच्या अधीक्षकांना होतं. सिस्टरने प्रमाणाबाहेर पाणी ओढलं, लक्ष ठेवलं नाही, तिच्यावर कारवाई व्हावी, असा त्यात मजकूर. खाली दादाची सही आणि लेकीसाठी सोडलेली जागा. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी अकरा वाजता, अधीक्षकांकडे बैठक होती. सिस्टरला तोवर सेंटरवरून हलवून भांडारात बसवलं होतं, कापसाची पुडकी मोजायला.

रुग्णालयाचं उत्तर दादाने तिच्यापुढे आपटलं. मास्तरांचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, बावन्न किलो. त्या मंगळवारी ते काट्यावर उभे राहिले तेव्हा पंचावन्न किलो शंभर ग्रॅम. म्हणजे तीन लिटर शंभर पाणी जादा. रुग्णाने पथ्य पाळलं नाही.

दादाचं म्हणणं थोडक्यात असं, की ते आपल्या बापाला चोर ठरवतात आणि आपण गप्प बसायचं का. बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. मास्तर गेले त्या दिवशी दादा दोनशे किलोमीटर लांब होता, आणि त्याचा सगळा जाळ त्या पत्रात उतरला होता.

लेकीने पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. तिची अडचण वेगळीच होती. बाबांना चोर आधी तिनेच ठरवलं होतं. बाबा पाणी प्यायले असतील तर सिस्टरवर सही करणं म्हणजे निरपराध बाईचा बळी. प्यायले नसतील, तर तीन लिटर आले कुठून? पाणी काही भिंतीतून झिरपून माणसाच्या अंगात शिरत नाही.

"उद्या अकरापर्यंत थांब," ती म्हणाली.

"अकराला काय उगवणार आहे?"

तिला ठाऊक नव्हतं. पण दहा दिवसांत पहिल्यांदाच तिच्या अंगात तरतरी आली. पानावर कुठेतरी चूक आहे आणि ती अजून सापडलेली नाही, हे कळल्यावर यायची तशी.

ती उठली आणि थेट फ्रीज उघडून उभी राहिली. मास्तर जाऊन दहा दिवस झाले होते. ट्रेमधली सहा घरं आजही रिकामी होती.

३

घरात आता लेक, दादा आणि तळमजल्यावरून येऊन-जाऊन असणारी आत्या. दादा तासाभरापूर्वी आला होता. म्हणजे हिशेब सोपा होता.

आत्या खुर्चीत पाय लांब करून बसली होती. लेकीने शेजारी बसून नुसतं विचारलं, आत्या, गुडघा कसा आहे. आत्या म्हणाली, ठणठणीत. लेक म्हणाली, मग लुगड्याखाली ओलं का दिसतंय.

आत्याने पदर तोंडाला लावला. मग सगळं बाहेर आलं. दोन महिने तिचा गुडघा सुजत होता. घरात एक आजारी असताना दुसरीने कुठे कण्हायचं म्हणून ती गुपचूप बर्फ नेऊन बांधत होती. मास्तरांच्या नावावर खपतंय, हे तिला कळत होतं. "मला वाटलं, त्याला काय, तो तसाही प्यायचा. सगळेच म्हणत होते. मग मीही म्हणाले." एवढं बोलून तिने गुडघ्याची ओली पट्टी सोडली आणि लेकीच्या हातात दिली. 

म्हणजे बर्फ सुटला. पण सात खड्यांनी तीन लिटर होत नाहीत. राहिलं ते संध्याकाळचं फिरणं आणि घड्याळवाले काका.

घड्याळवाल्या काकांचं चौकातलं दुकान चार हात रुंद. डोळ्याला भिंग लावून ते कुणाच्या तरी मनगटी घड्याळाची आतडी काढत बसले होते. रोज पाचला दोघे मित्र बागेत जात, आणि काकांच्या खांद्याला चहाचा थर्मास असे. लेकीने थर्मासाकडे बोट दाखवलं. काकांनी भिंग काढलं आणि तिला नीट न्याहाळलं.

"तुझा बाप माझा चहा दोन्ही हातांत धरायचा. वास घ्यायचा. कोमट झाला की मला परत. गेलं वर्षभर मी कोमट चहा पितोय, पोरी, आणि तू मला विचारतेस?"

लेक ओशाळली. काका मात्र रंगात आले. सांगू लागले, की मास्तर अलीकडे बागेच्या पायऱ्या चढायचे, आधी दहा, मग वीस, मग सगळ्या. वर पोचले की छाती काढून उभे राहायचे, जसा काही किल्ला सर केला. घरी म्हणे इस्त्री उचलायचे, उजव्या हाताने, कारण डाव्यात डायलिसिसची सुई लागते. ताटातलं काही टाकत नव्हते. "तुझ्या हातचं दोन वेळ जेवतो म्हणायचा. एकटा होता तेव्हा पावाच्या कडा चघळून राहिलेला माणूस."

"काका, हे सगळं कशासाठी?"

"ते मला नाही सांगितलं. एवढंच म्हणायचा, दहा झाले की तिला दाखवणार."

"दहा काय?"

काकांनी खांदे उडवले. समोरच्या वीस-पंचवीस घड्याळांत एकदम चारचे ठोके पडायला लागले आणि लेक दुकानातून जवळजवळ धावत सुटली. भांडार पाचला बंद होत असे.

४

सिस्टर कापसाच्या पुडक्यांमध्ये स्टुलावर बसली होती. मास्तरांची लेक दारात दिसताच ती उभी राहिली; मारायला आलेल्या माणसासमोर उभं राहतात तशी, हात बाजूला सोडून.

लेकीने सांगितलं, की सही अजून केलेली नाही, आणि करायची की नाही हे तुम्हीच ठरवा. त्या दिवशी काय झालं ते सगळं सांगा.

सिस्टर सांगू लागली, आणि सांगता सांगता तिच्या आवाजात कामावरचा करडेपणा परत आला. दर अर्ध्या तासाला दाब घेतला. अडीच तासांनी मास्तरांनी जांभई दिली. लागोपाठ दुसरी दिली. दाब पडायच्या आधी माणूस जांभया देतो, हे पुस्तकात नंतर आणि वॉर्डात आधी कळतं. तिने तिथेच पाणी ओढणं थांबवलं, खुर्ची मागे पाडली, पाय वर घेतले, सलाइन सोडलं, डॉक्टरांना हाक मारली. वरचा आकडा सत्तर होता. दहा मिनिटांत नव्वद झाला. मास्तरांनी डोळे उघडले.

"काही बोलले?"

"गंमत केली त्यांनी. म्हणाले, सिस्टर, माप चुकलंय तुमचं." तिने ओठ आवळला. "मी हसले हो. मला वाटलं शिंप्याचा विनोद. मग म्हणाले, तिला आत बोलवा, काहीतरी दाखवायचंय. मी वॉर्डबॉयला पाठवतच होते..."

लेकीने भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं, काहीही न वाचता. बाहेर निळ्या खुर्चीत ती त्या वेळी कितव्या पानावर होती, हे तिला आठवत होतं.

मग तिने विचारलं, की बाबा पाणी प्यायचे असं तुम्हाला वाटतं का. सिस्टर पुढे झाली, खाली बसली आणि लेकीच्या नडगीच्या हाडावर, घोट्याच्या जरा वर, अंगठा दाबून धरला. सोडला.

"इथे पाणी साठलं असेल तर खड्डा पडतो आणि मिनिटभर तसाच राहतो. मी तुमच्या वडिलांच्या पायावर दर वेळी दाबून पाहायचे. चार आठवड्यांत एकदाही पडला नाही. राउंडला मी डॉक्टरांना म्हणाले, सूज नाही, ड्राय वेट पुन्हा बघू या का. ते घाईत होते. वजन वाढलंय म्हणजे पाणी वाढलंय, म्हणाले. आधीच्या वेळांना दाब उतरायला लागला की मी मशीन लवकर थांबवायचे. म्हणून त्या दिवशी त्यांनी लिहूनच दिलं, आज पूर्ण बावन्नवर आणा."

"लवकर थांबवलं, हे कुठे लिहिलंय?"

"कागदाच्या मागे. येतानाचं वजन पुढच्या बाजूला, जातानाचं मागे. पद्धतच आहे ती."

"आणि मागची बाजू कोण वाचतं?"

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या आधी कुणी विचारलं नव्हतं."

५

दादाकडे रुग्णालयाने दिलेल्या छायाप्रती होत्या. पण त्या फक्त पुढच्या बाजूच्या. लेकीने सेंटरच्या खिडकीवर ठाण मांडलं. तिथली कारकून बाई म्हणाली, मागच्या बाजूला काही नसतं. लेक म्हणाली, तेच हवंय. अर्ध्या तासाने कागद हातात पडले.

घरी येऊन तिने ते जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. दादा समोर, आत्या गुडघ्यावर उघडउघड बर्फ धरून बाजूला. लाल पेन्सिल निघाली.

पुढच्या बाजू वाचल्या की सगळं डॉक्टर म्हणतात तसंच. चार मंगळवारची येतानाची वजनं: चौपन्न, चौपन्न तीनशे, चौपन्न सातशे, पंचावन्न शंभर. दर वेळी बावन्नाशी तुलना, दर वेळी फरक मोठा. चोर दिवसेंदिवस सोकावत चाललेला.

मग तिने कागद एकेक करून उलटले. एका शनिवारी मास्तर सेंटरवरून निघाले तेव्हा वजन बावन्न आठशे. पुढच्या मंगळवारी आले तेव्हा चौपन्न तीनशे. निघाले त्रेपन्न दोनशे, आले चौपन्न सातशे. निघाले त्रेपन्न सहाशे, आले पंचावन्न शंभर.

"वजाबाकी कर," ती दादाला म्हणाली.

दादाने केली. पुन्हा केली. ओठ हलत होते. "दीड. दीड. दीड."

दर वेळी दीड किलो. बाटलीवरच्या रेघेइतकं पाणी आणि जेवणातलं पाणी, तेवढंच. ना थेंब जास्त, ना थेंब कमी. चोरी झालीच नव्हती.

आत्या हळूच म्हणाली, "मग जास्तीचं वजन कसलं?"

आणि दादाने मान खाली घातली. त्याच्याकडे एक गोष्ट होती, ती त्याने दडवून ठेवली होती. मास्तर गेले त्या रात्री, कपाटातून त्यांचे कपडे काढताना त्याने ती पाहिली होती. बापाची लाज झाकावी म्हणून बोलला नव्हता. तो उठला आणि तिला कपाटापाशी घेऊन गेला.

दाराच्या आतल्या बाजूला शिंप्याच्या खडूने दोन ओळी लिहिल्या होत्या. वरची: नऊ, सव्वानऊ, सव्वानऊ, साडेनऊ. खालची: सव्वाआठ, सव्वाआठ, सव्वाआठ, सव्वाआठ.

"ग्लास," दादा म्हणाला. "वर पाण्याचे, खाली चहाचे. मोजून पीत होते."

लेकीला ते क्षणभर पटलं. पण प्रुफं तपासणाऱ्याचे डोळे आकड्यांवरून पुन्हा फिरले. प्रत्येकाखाली तारीख होती, आणि प्रत्येक तारीख रविवारची. पाणी चोरणारा माणूस काय आठवड्यातून एकदा चोरतो? आणि चार रविवार बरोबर सव्वाआठच कप चहा, पाव कप इकडे नाही की तिकडे नाही?

दहा झाले की तिला दाखवणार.

दारामागच्या खिळ्याला मास्तरांची टेप लटकत होती. तिने ती उतरवली. साडेनऊच्या रेघेवर खडूचा ठिपका होता. तिने हँगरवरचा शर्ट ओढला आणि उजवी बाही उलटी केली. दंडापाशी जुनी शिवण उसवून नव्या दोऱ्याने अर्धा इंच सैल केलेली होती. टाके बारीक, एकसारखे.

"दादा, हे ग्लास नाहीत. इंच आहेत." ती जवळजवळ हसत होती. "वरची ओळ दंडाची. खालची घोट्याची. पाणी साठलं असतं तर ते पायात उतरलं असतं, घोटा वाढला असता. घोटा तसूभर हलला नाही. दंड भरला. बाबा फुगत नव्हते रे. बाबा बरे होत होते."

६

शुक्रवारी अकरा वाजता अधीक्षकांच्या खोलीत डॉक्टर होते, सिस्टर होती, आणि टेबलावर दुमडलेलं पत्र होतं. लेकीने ते उघडलंच नाही. तिने कागद मांडले, आधी पुढून, मग मागून. मग वहीत उतरवलेल्या खडूच्या दोन ओळी.

ती अगदी सावकाश बोलली. ड्राय वेट बावन्न ठरलं तेव्हा मास्तर न्यूमोनियातून उठले होते, हाडांचा सापळा. नंतर ते जेवू लागले, चालू लागले, अंगावर मांस चढलं. दीड किलोच्या वर. बावन्नचा आकडा मात्र तिथेच राहिला. सिस्टर दाब उतरला की थांबायची, म्हणून ते मांस दर वेळी वाचायचं आणि पुढच्या खेपेला काट्यावर पाणी म्हणून धरलं जायचं. शेवटच्या दिवशी हुकूम झाला, सगळं काढा. मशीन मांस ओढू शकत नाही. त्याने तेवढं पाणी रक्तातून ओढलं.

"माप चुकलंय, असं बाबा सिस्टरना म्हणाले. ते विनोद करत नव्हते."

डॉक्टर बराच वेळ कागद उलटे-सुलटे करत राहिले. मग म्हणाले, हृदय आधीच दुबळं होतं, नुसत्या एवढ्यानेच घडलं असं खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही.  पुढे जे म्हणाले ते म्हणायची त्यांना गरज नव्हती.

"पण सिस्टर मला विचारत होत्या. मी मागची बाजू पाहिली नाही."

सिस्टर खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. अधीक्षकांनी तिथल्या तिथे सांगितलं, की ती सोमवारपासून सेंटरवर परत, आणि दोन्ही वजनं यापुढे एकाच बाजूला, शेजारी शेजारी. दादाने पत्र उचललं, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकलं. जिन्यात त्याने विचारलं, बाबांना एवढी घाई कसली होती गं, या वयात दंड कमवायची.

उत्तर चौकातच मिळालं. घड्याळवाल्या काकांनी तिला लांबून पाहिलं आणि दुकानाबाहेर आले. त्यांना रात्रभर विचार करून एक आठवलं होतं. शेवटच्या पायरीवर उभं राहून मास्तर एकदा म्हणाले होते, दहा इंच झाले की पोरीला सांगेन, बघ, मी धडधाकट आहे, आता जा तुझ्या कामाला. तिचं सगळं तिकडे अडलंय आणि ती बोलत नाही.

दुपारी घर शांत होतं. आत्या दादाबरोबर गुडघा दाखवायला गेली होती. लेकीने कपाटाचं दार पूर्ण उघडलं, सोमवारी त्यांनी उघडलं होतं तितकं. शर्ट काढायला नव्हे, या ओळी दाखवायला. तिथे उभं राहिलं की आरसा दिसत होता, दाढीचा ब्रश दिसत होता आणि स्वयंपाकघराकडे जाणारं दार दिसत होतं.

टेप तिने नीट गुंडाळून खिळ्याला लावली. खडूच्या ओळींना हात लावला नाही. या घरात मोठ्याने कबूल करायची सवय कुणालाच नव्हती, तिला तर मुळीच नव्हती. म्हणून आधी घसा खाकरावा लागला.

"बाबा, मोजून बघितलं," ती म्हणाली. "तुम्ही खरं बोलत होतात. चुकलं माझं."